कुलूप कुणाविरुद्ध? गिरगाव-लालबागच्या बंद घरांचे तीन इतिहास

मराठी पेपरात घरफोडीची बातमी वाचलीत तर एक शब्दप्रयोग हमखास भेटतो: ‘दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून’. मे महिना, गणपती किंवा दिवाळी. घरातली माणसं गावाला गेलेली, कुणीतरी बंद घर हेरलेलं, आणि मग कडी-कोयंडा उचकटलेला. हे आपण इतक्यांदा वाचलेलं असतं की ते शब्द नेमकं काय सांगतात याकडे लक्षच जात नाही. नीट बघा. कुलूप तोडलं असं तिथे म्हटलेलं नाही. तुटला तो कोयंडा, म्हणजे ज्यात कडी अडकवून आपण कुलूप लावतो तो लाकडात ठोकलेला लोखंडी भाग. कुलूप शाबूत लटकत राहिलं तरी चोराचं काम झालेलं असतं.

नेट-सेट, पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, “विषय कसा शोधायचा?” मी एमएस्सी करून इतिहासाकडे आले, त्यामुळे माझं उत्तर थोडं लॅबवाल्यांसारखं असतं. मोठा विषय शोधू नका. एक वस्तू घ्या आणि तिला एकच प्रश्न विचारा. वेगवेगळ्या दप्तरांत त्या प्रश्नाचं उत्तर बदलतं का ते बघा. बदलत असेल तर तिथे संशोधनाला जागा आहे.

आजची वस्तू आहे कुलूप. प्रश्न: माणसं घर बंद करून जातात तेव्हा ते कुलूप कुणाविरुद्ध असतं? ‘चोराविरुद्ध, अजून कुणाविरुद्ध?’ असं तुम्ही म्हणाल. गिरगाव, परळ, लालबाग या पट्ट्यातली शंभर-सव्वाशे वर्षं बघितली तर हे उत्तर अपुरं पडतं.

पहिला इतिहास: चोर

लालबागपासूनच सुरुवात करू, कारण भारतातल्या कुलूप उद्योगाचा एक महत्त्वाचा धागा तिथून निघतो. अर्देशीर गोदरेज (१८६८–१९३६) हे शिकलेले वकील. वकिली सोडून त्यांनी आधी शस्त्रक्रियेची उपकरणं बनवायचा धंदा केला. माल घेणाऱ्या कंपनीला त्या उपकरणांवर ‘भारतात बनवलेलं’ असा छाप नको होता, अर्देशीर यांना तो हवाच होता. धंदा बंद पडला. मग ७ मे १८९७ रोजी त्यांनी लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारच्या एका छोट्या शेडमध्ये, कुलपं बनवायला सुरुवात केली. आज ज्याला आपण ‘गोदरेजचं कपाट’ म्हणतो त्या सगळ्या पसाऱ्याचं मूळ हे. १९०२ मध्ये तिजोऱ्या आल्या, कपाटं १९२० च्या दशकात.

अर्देशीर कुलपांकडे वळले कसे, याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली आणि त्यांना ही कल्पना सुचली. गोष्ट छान आहे. पण कंपनीच्या जन्मकथेकडे संशोधक म्हणून बघताना दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. एक: घरफोड्या वाढल्या होत्या, की त्यांची नोंद आणि चर्चा वाढली होती? दोन: त्याच महिन्यांत शहरात आणखी काय चाललं होतं? दुसऱ्या प्रश्नाकडे पुढे येऊच. आधी कुलपाच्या आत काय असतं ते बघू, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही.

चांगल्या कुलपात पितळेच्या किंवा लोखंडाच्या पातळ पट्ट्या असतात. त्यांना लिव्हर म्हणतात. किल्लीचे दात या पट्ट्या उचलतात. प्रत्येक पट्टी अगदी ठरलेल्या उंचीवर आली तरच आतला बोल्ट सरकतो. कमी उचलली तरी अडतो, जास्त उचलली तरी अडतो. हे तत्त्व रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ मध्ये आणलं. पट्ट्या पुन्हा खाली बसवायला स्प्रिंग लागते, आणि स्प्रिंग गंजली किंवा तुटली की कुलूप बिघडतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोदरेजनी पट्ट्यांची ही स्प्रिंगच काढून टाकणारं कुलूप बनवलं आणि त्याचं पेटंट घेतलं. मुंबईच्या दमट हवेत स्प्रिंगचं काय होतं ते ज्याच्या घरी जुनं कुलूप आहे त्याला सांगायला नको.

आता इंग्लंडमधली एक गोष्ट, कारण ती इथे उपयोगी आहे. पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत चोरी झाल्यानंतर १८१८ मध्ये जेरमाया चब याने एक वेगळंच कुलूप काढलं. कुणी चुकीच्या किल्लीने किंवा तारेने उघडायचा प्रयत्न केला आणि एखादी पट्टी जास्त उचलली गेली, की ती तिथेच अडकायची. मालक परत आल्यावर त्याची किल्ली लगेच फिरायची नाही आणि त्याला कळायचं, कुणीतरी हात लावलाय. म्हणजे हे कुलूप चोराला अडवत होतंच, शिवाय खबरही देत होतं.

पुढे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन कारागीर ए. सी. हॉब्स याने हे चबचं कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडून दाखवलं. मग ब्रामा कंपनीचं कुलूप घेतलं. ते अनेक दशकं दुकानाच्या खिडकीत ‘उघडेल त्याला २०० गिनी’ अशा पाटीसह ठेवलेलं होतं. हॉब्सला त्यासाठी १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडलं. इंग्लंडमध्ये खळबळ माजली.

माझ्या मते हॉब्सच्या प्रयोगाचा खरा निष्कर्ष वेगळा आहे. ५१ तास कुणी न हटकता कुलपाशी खटपट करू दिली तर कुठलंच कुलूप टिकत नाही. कुलूप सुरक्षा देत नाही, ते वेळ देतं. तो वेळ कुणाला? तर चोराला बघणाऱ्याला. बघणारा कुणीच नसेल, तर पाच मिनिटांचं कुलूप आणि पन्नास तासांचं कुलूप यांत फारसा फरक उरत नाही. त्यात कोयंडा जुन्या सागवानी चौकटीत दोन खिळ्यांवर असेल, तर सगळंच सोपं.

हा मुद्दा लक्षात ठेवा आणि आता १८९७ च्या शहराकडे बघा.

दुसरा इतिहास: सरकार

२३ सप्टेंबर १८९६ ला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगची साथ असल्याचं जाहीर केलं. पुढच्या काही महिन्यांत मुंबई रिकामी व्हायला लागली. फेब्रुवारी १८९७ पर्यंत पावणेचार-चार लाख माणसं शहर सोडून गेली असा तेव्हाचा अंदाज होता. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती हे लक्षात घेतलं तर जवळजवळ निम्मं शहर! कोकणात, घाटावर, गुजरातेत, जिथे गाव होतं तिथे माणसं गेली. १९०१ च्या जनगणनेत आकडा ७,७६,००६ वर आला होता.

म्हणजे अर्देशीर गोदरेजनी लालबागला कुलपांचा कारखाना काढला तेव्हा मुंबईत हजारो घरं एकाच वेळी बंद होती. तारखा शेजारी-शेजारी ठेवल्यावर मोह होतो ना? ‘प्लेगमुळे घरं रिकामी, म्हणून घरफोड्या, म्हणून कुलपं.’ वाक्य किती गुळगुळीत! पण थांबा. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे सायन्सवाल्यांना पहिल्या वर्षाला शिकवतात आणि इतिहासवाल्यांनीही भिंतीवर चिकटवून ठेवावं. हे वाक्य सिद्ध करायचं तर काय लागेल? घरफोडीच्या महिनावार नोंदी, त्यातल्या किती बंद घरांच्या, ती घरं कुठल्या वॉर्डात, आणि कुलपं विकत घेणारे कोण: चाळीतले भाडेकरू, की पेढीवाले आणि गोदामवाले? यातलं एकेक उत्तर म्हणजे तुमच्या प्रबंधाचं एकेक प्रकरण होऊ शकतं.

पण या काळात एक गोष्ट निश्चित बदलली. बंद घर उघडण्याचा अधिकार सांगणारा दुसरा कुणीतरी दारात उभा राहिला. ऑक्टोबर १८९६ मध्येच पालिका आयुक्त स्नो यांनी घरात शिरण्याचे आणि रुग्णाला हलवण्याचे व्यापक अधिकार जाहीर केले होते. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. हाच तो कायदा, जो २०२० मध्ये कोविडच्या वेळी आपण पुन्हा वापरला. मार्च १८९७ मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या हाताखाली मुंबईची प्लेग समिती नेमली गेली आणि घरोघर तपासण्या सुरू झाल्या. घरं धुवायची, जंतुनाशक मारायचं, चुना फासायचा, उजेड यावा म्हणून छपराची कौलं काढायची, राहायला नालायक ठरलेल्या घरावर तशी खूण रंगवायची. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत बंद घरांची कुलपं तोडून झडती घेतल्याच्या आणि घरातल्या वस्तू गेल्याच्या तक्रारी झाल्या. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

आता आपला प्रश्न पुन्हा विचारा. गिरगावातला एखादा कारकून १८९७ च्या जानेवारीत बिऱ्हाड बंद करून रत्नागिरीच्या बोटीत चढतोय. त्याच्या दाराचं कुलूप कुणाविरुद्ध? चोराविरुद्ध आहेच. पण प्लेगच्या अधिकाऱ्याच्या नजरेत तेच कुलूप संशयास्पद आहे. आत कुणी आजारी माणूस लपवलाय का? सामानात रोगाचं विष आहे का? तेव्हा रोगाचा उंदराशी आणि पिसवेशी असलेला संबंध अजून नीट सिद्ध झाला नव्हता, त्यामुळे घाण, अंधार आणि बंद हवा हेच गुन्हेगार मानले जात. पोलीस खात्याला जे घर संरक्षण देण्यासारखं वाटतं, तेच आरोग्य खात्याला फोडण्यासारखं वाटतं. दार एकच, कुलूप एकच.

म्हणून फक्त पोलिसांचे अहवाल वाचून घराच्या सुरक्षेचा इतिहास लिहिलात तर तो अर्धाच होईल. प्लेग समितीचे अहवाल शेजारी ठेवावे लागतील.

तिसरा इतिहास: घरमालक

आता पन्नास वर्षं पुढे येऊ. १९४७ साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला. भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या चाळींतलं भाडं जागच्या जागी थांबलं आणि खोलीची किंमत मात्र वाढत राहिली. भाडेकरूला बाहेर काढता येईल अशी मोजकी कारणं कायद्यात दिली होती. त्यातलं एक कलम आपल्या कामाचं आहे: कलम १३ (१) (के). भाड्याने घेतलेली जागा वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने वापरली नसेल, तर मालक ताबा मागू शकतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यातही कलम १६ (१) (एन) म्हणून ही तरतूद कायम आहे.

म्हणजे आता कुलूप कुणाविरुद्ध? इथे तर गंमतच आहे. कुलूप हाच भाडेकरूच्या विरोधातला पुरावा! दार बंद, म्हणजे जागा वापरात नाही. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात असे दावे चालतात तेव्हा काय बघितलं जातं? वीजबिलाचे युनिट, रेशनकार्ड, शेजाऱ्यांची साक्ष. विचार करा, चोर बंद घर हेरताना काय बघतो? दिवे लागतात का, कुणाची ये-जा आहे का, शेजारी काय म्हणतात. चोर आणि मालकाचा वकील एकाच खुणा वाचतात.

गिरणीत नोकरी संपवून गावी गेलेल्या माणसाची लालबागची खोली डोळ्यांसमोर आणा. रिकामी ठेवली तर हे कलम. दुसऱ्या कुणाला भाड्याने दिली तर पोटभाडेकरूचं कलम. मग करायचं काय? भाच्याला शिकायला बोलवायचं, पुतण्याला नोकरी शोधायला बोलवायचं, म्हातारीने वर्षातून चार महिने येऊन राहायचं. खोली ‘चालू’ ठेवायची. हा जो शब्द आहे, खोली चालू ठेवणं, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. घराचं रक्षण म्हणजे घर बंद करणं, ही कल्पना इथे उलटी होते. इथे रक्षण म्हणजे घर बंद न होऊ देणं.

इथे एक तयार संशोधन-प्रश्न आहे, हवा तर घ्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पगार बंद झाल्यावर अनेकांनी गावची वाट धरली. संपामुळे गावी राहावं लागणं हे ‘वाजवी कारण’ ठरतं का? त्या वर्षांतले ताब्याचे दावे वाचले तर संपाचा एक असा इतिहास हाती येईल जो युनियनच्या कागदांत नाही.

मग घर राखलं कुणी?

तीन दप्तरं झाली: पोलिसांचं, प्लेगचं, कोर्टाचं. तिन्हींत घर बंद आहे आणि बाहेर कुणीतरी उभा आहे. पण रोजच्या जगण्यात या पट्ट्यातल्या लोकांनी घर राखलं कसं, हे या तिन्ही दप्तरांत सरळ सापडत नाही. त्यासाठी जागा कशी होती ते बघावं लागतं.

चाळीची गॅलरी घ्या. मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांची दारं एकाच गॅलरीत उघडतात. जिना एक, नळ सामायिक, संडास सामायिक. पाहुणा आला तर पाच दारांवरून जाणार, आणि निदान दोन दारांतून “कोण पाहिजे?” असा प्रश्न येणार. गिरणगावात तर एकाच खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे गडी आळीपाळीने झोपत. अशी खोली रिकामी कधी होणार? चावी शेजारच्या काकूंकडे. कुलूप साधंच, पण त्याला मिळणारी पाच मिनिटं वापरायला माणसं हजर. चबच्या कुलपात खबर देणारी पट्टी होती ना, ती इथे गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली असायची.

धोबीतलावच्या जेर महालातले गोव्याचे ‘कूड’ हे याचं आणखी ठळक उदाहरण. एकेका गावाच्या नावाचा एकेक कूड. त्या गावचे लोक, विशेषतः जहाजावर काम करणारे तारवटी, मुंबईत आले की तिथे नाममात्र पैशांत राहणार. महिनोन् महिने समुद्रावर जाताना माणूस मागे काय ठेवायचा? एक कुलूपबंद ट्रंक, भिंतीशी रांगेत. खासगी मालमत्ता ट्रंकेएवढी, बाकी सगळं सामायिक, आणि खोलीत सदैव कुणीतरी. घर रिकामं होऊ द्यायचं नाही, हीच इथली व्यवस्था.

अगदी वेगळ्या कारणाने लक्षात राहिलेली एक घटना याच नजरेने पुन्हा वाचता येते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. पुढे पीठ केंद्रावरून न्यायचं आणि पापड घरी लाटायचे, अशी पद्धत बसली. स्त्रियांच्या कमाईचा इतिहास म्हणून आपण हे शिकतो, ते बरोबरच आहे. पण हेही बघा की ही कमाई घर रिकामं न करता होत होती.

थिअरी कुठे बसते?

‘मॅडम, थिअरेटिकल फ्रेमवर्क काय?’ हा प्रश्न व्हायव्हात येणारच, म्हणून सांगते. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलं की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: करायची इच्छा असलेला माणूस, हाती लागण्यासारखी वस्तू, आणि राखणाऱ्याची गैरहजेरी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढत असताना घरफोड्याही का वाढल्या, याचं उत्तर त्यांनी रोजच्या दिनक्रमात शोधलं. जास्त लोक, विशेषतः स्त्रिया, दिवसा घराबाहेर पडू लागले. उपनगरांतली घरं दिवसभर ओस. शिवाय टीव्हीसारख्या वस्तू हलक्या आणि महाग झाल्या.

इथे कायद्याकडेही एक नजर टाका. १८६० च्या भारतीय दंड संहितेने सूर्यास्तानंतरची घरफोडी जास्त गंभीर मानली. चोरीच्या हेतूने केलेल्या दिवसाच्या घरफोडीला कमाल १० वर्षं, रात्रीच्या घरफोडीला १४. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच विभागणी आहे. यामागे चित्र आहे ते रात्री झोपलेल्या कुटुंबाचं. भीती माणसांसाठी आहे. पण कोहेन-फेल्सन ज्या घराबद्दल बोलतात ते दिवसा रिकामं असलेलं घर आहे. पोलिसांची आकडेवारी दिवस-रात्र अशी विभागलेली मिळते, ‘घरात माणसं होती की नव्हती’ अशी नाही. तुम्ही आकडे वापराल तेव्हा हे ध्यानात असू द्या: वर्गवारी ही दीडशे वर्षांपूर्वीच्या काळजीतून आलेली आहे, तुमच्या प्रश्नातून नाही.

आणि एक प्रयोग. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या रॉचडेलमध्ये कर्कहोल्ट नावाची वसाहत आहे. १९८० च्या दशकात तिथे घरफोड्या फार होत्या. संशोधकांच्या लक्षात आलं की एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याची शक्यता जास्त असते. मग नाणी टाकायचे वीज-गॅसचे मीटर काढले, कारण त्यांत रोख रक्कम साठायची; फोडलेल्या घरांची दारं-कुलपं सुधारली; आणि अशा प्रत्येक घराभोवतीच्या पाच-सहा शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. या छोट्या गटाला त्यांनी ‘कोश’ म्हटलं. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे तीन चतुर्थांशाने कमी झाल्या. लालबागच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. पाच-सहा शेजारी? त्याला आम्ही मजला म्हणतो!

चाळ इतकी गोड नव्हती

पण इथेच थांबलात तर प्रबंध नॉस्टॅल्जियाचा होईल. गाइड तेवढ्यावर खूश होतील, एक्झामिनर होणार नाही. जी नजर दार राखते तीच नजर मुलगी किती वाजता घरी आली हेही मोजते. “कोण पाहिजे?” हा प्रश्न सगळ्यांना सारख्या स्वरात विचारला जात नव्हता. गिरगावातल्या अनेक चाळी जातीच्या, ज्ञातीच्या होत्या; कुडात गावचाच माणूस राहायचा. परका कोण, हे ठरवण्यावरच ही सगळी राखण उभी होती. सुरक्षा कुणाला मिळाली हे लिहिताना ती कुणाला वगळून मिळाली, तेही लिहावं लागेल.

हा प्रश्न आज पुस्तकी राहिलेला नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळी वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर पाडून टॉवर उभे राहतायत. साधारण १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये माणसं जातायत. स्वतःचा संडास, बंद होणारं दार, थोडा एकांत. हे त्यांना मिळायलाच हवं होतं, आणि खूप उशिरा मिळतंय. फक्त त्याबरोबर राखणीची जबाबदारी मजल्यावरून उचलून कॅमेऱ्यावर आणि एजन्सीच्या वॉचमनवर ठेवली जाते. कॅमेरा नोंद करतो, पण “कोण पाहिजे?” विचारत नाही. आई-वडील गावाला गेले, मुलगा पुण्यात, सून ऑफिसात, अशा फ्लॅटचं काय? कुलूप उत्तम असेल. त्याने मिळवून दिलेला वेळ वापरणारा शेजारी शोधावा लागेल, आणि या वेळी तो जात-गाव न विचारता. माझ्या मते नव्या इमारतींपुढचा खरा प्रश्न हा आहे.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या इमारतीत, गल्लीत किंवा गावात तीन माणसांना भेटा: एक सत्तरीच्या पुढची, एक भाडेकरू, एक वॉचमन. तिघांना एकच विचारा: “घर बंद करून जाताना चावी कुणाकडे ठेवायचात, आणि आता कुणाकडे ठेवता?” मुलाखतीची परवानगी घ्या, नावं लिहू नका, उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. मग बघा, चावी कधी, कुठल्या वर्षाच्या आसपास शेजारच्या घरातून बाहेर पडली: नळ घरात आल्यावर, लिफ्ट आल्यावर, नोकरी बदलल्यावर, की एखाद्या भांडणानंतर? त्यानंतरच पोलीस स्टेशनच्या आकड्यांकडे जा. आधी आकडे बघितलेत तर तुम्हाला फक्त चोर दिसेल. चावीपासून सुरुवात केलीत तर विश्वास कुठून कुठे गेला ते दिसेल, आणि आकड्यांचा अर्थही त्यातूनच लागेल.